तळघरातली गव्हाची बिअर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मिलवॉकी हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं, मिशिगन सरोवराच्या काठावरचं शहर. १९९६ साली नोकरीनिमित्त मी तिथे गेलो आणि पुढची अकरा वर्षं तिथेच राहिलो. विमानतळावरून शहराकडे येताना हमरस्ता मेनॉमिनी नदीच्या खोऱ्यावरून जातो. तिथे आलं की गाडीच्या काचा बंद असल्या तरी एक आंबूस वास आत शिरायचा. रात्रभर भिजवून ठेवलेल्या जिलबीच्या पिठाला सकाळी येतो ना, साधारण तसा. तो रेड स्टारच्या यीस्ट कारखान्याचा वास होता. २००५ साली तो कारखाना बंद झाला, पण त्या काळातल्या मिलवॉकीकरांच्या नाकातून तो वास अजून गेलेला नसेल.

एकोणिसाव्या शतकात इथे जर्मन लोक मोठ्या संख्येने येऊन स्थायिक झाले आणि त्यांनी बिअरचे कारखाने काढले. पाब्स्ट, श्लिट्झ, ब्लाट्झ, मिलर ही सगळी मिलवॉकीची नावं. श्लिट्झचा तिथला कारखाना १९८१ मध्ये बंद पडला आणि पाब्स्टचा मी गेलो त्याच वर्षी. मोठे कारखाने गेले, पण घराच्या तळघरात बिअर करणारी माणसं मात्र टिकून होती. त्यातलेच एक वृद्ध गृहस्थ आमच्या शेजारी राहत. त्यांचे आजोबा बव्हेरियातून आलेले. त्यांची नातवंडं त्यांना 'ओपा' म्हणत, म्हणजे जर्मन भाषेत आजोबा. ते ऐकून माझी मुलगीही ओपा म्हणू लागली आणि मग आमच्या सगळ्या घराचेच ते ओपा झाले.

माझं घर साताऱ्याचं. घरात दारूचं नावही कधी निघालं नाही. नोकरीला लागल्यावर मित्रांबरोबर बाटलीतली थंड, पिवळी, पारदर्शक बिअर प्यायलो होतो, तेवढाच अनुभव. त्यामुळे ओपांनी पहिल्यांदा अर्ध्या लिटरचा उंच पेला पुढे केला तेव्हा ती बिअर बिघडली आहे अशीच माझी समजूत झाली. रंग गढूळ, ताकात हळद पडल्यासारखा. वर चार बोटं पांढरा फेस. आणि वास पिकलेल्या केळ्याचा, मागून हलकीशी लवंग. मी विचारलं, "यात केळं घातलंय का?" ओपा खूप हसले. म्हणाले, गहू, जव, हॉप, पाणी आणि यीस्ट. सहावी वस्तू नाही.

मग केळं आलं कुठून? या एका प्रश्नापायी मी बिअर करायला शिकलो. त्या शिकण्यात एक अपघात झाला, तो मी सांगणारच आहे, कारण या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धडा त्यातच आहे.

आधी नावाविषयी थोडं. या बिअरला जर्मन लोक 'वाइसबिअर' म्हणतात, म्हणजे पांढरी बिअर. दुसरं नाव 'हेफेवाइत्सेन'. हेफे म्हणजे यीस्ट आणि वाइत्सेन म्हणजे गहू. यीस्ट न गाळता आतच ठेवतात, म्हणून ती गढूळ दिसते. बव्हेरियात १५१६ साली असा कायदा झाला की बिअर फक्त जव, हॉप आणि पाणी यांचीच करायची. गहू बसला नाही त्यात. गहू पावासाठी राखून ठेवावा हा त्यामागचा एक हेतू सांगितला जातो. पण डेगेनबेर्ग नावाच्या एका सरदार घराण्याला गव्हाची बिअर करायची खास सवलत मिळालेली होती. १६०२ साली त्या घराण्याचा वंश खुंटला आणि ड्यूक माक्सिमिलिआन पहिला याने तो हक्क स्वतःकडे घेतला. मग काय, गव्हाची बिअर राजघराण्याची मक्तेदारी झाली आणि तिने खजिना भरला. म्हणजे सामान्यांना बंदी असलेली वस्तू सरकारच विकू लागलं! पुढे लोकांची आवड बदलली, मक्तेदारी मंदावली, आणि १८७२ साली गेओर्ग श्नायडर या ब्रुअरने राजा लुडविग दुसरा याच्याकडून ती करण्याचा हक्क मिळवला. त्याच्या घराण्याची वाइसबिअर आजही मिळते.

त्या १५१६ च्या कायद्यात यीस्टचा उल्लेख नाही, हे ध्यानात ठेवा. यीस्ट ही जिवंत वस्तू आहे आणि साखरेची दारू तीच करते, हे नीट कळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

आता माल्ट म्हणजे काय? हे समजायला आपल्याला जर्मनीला जायची गरज नाही. आपल्याकडे लहान मुलांना नाचणीचं सत्त्व देतात. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची. मोड येताना दाण्यात काही विकरं तयार होतात. दाण्यातल्या पिठूळ स्टार्चचं साखरेत रूपांतर करणं हे त्यांचं काम. म्हणूनच मोड आलेलं धान्य गोडसर लागतं आणि पचायला हलकं असतं. जव किंवा गहू असाच मोड आणून गरम हवेत वाळवला की झालं माल्ट. ते भरडून साधारण ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवलं की विकरं उरलेलं काम पुरं करतात आणि गोड पाणी मिळतं. त्याला वर्ट म्हणतात. हे वर्ट कारखान्यात कमी दाबाखाली आटवून घट्ट केलं की माल्ट एक्स्ट्रॅक्ट तयार होतं. उसाच्या रसाची काकवी करतात तसंच. दिसायलाही ते काकवीसारखंच, तारेला आलेलं. त्यात पाणी फक्त पाचवा हिस्सा असतं. गव्हाच्या एक्स्ट्रॅक्टमध्ये साधारण अर्धा ते दोन तृतीयांश गहू आणि बाकीचा जव असतो.

एक्स्ट्रॅक्ट वापरणाऱ्यांकडे काही शौकीन नाक मुरडून बघतात. धान्यापासून सुरुवात केली तरच ती खरी बिअर, असं त्यांचं म्हणणं. मला हे पटत नाही, आणि गव्हाच्या बिअरच्या बाबतीत तर मुळीच नाही. जवाला साल असते. भरडलेला जव पाण्यातून गाळताना त्या सालींचीच चाळणी होते. गव्हाला साल नाही. त्यामुळे गव्हाचं मिश्रण गाळायला घेतलं की त्याची खळ होते आणि पाणी खाली उतरतच नाही. ओपांनी तरुणपणी हे करून पाहिलं होतं. रात्री अकरा वाजता हातात कालथा घेऊन अडकलेलं पातेलं खरवडत बसलो होतो, असं ते सांगत. एक्स्ट्रॅक्टमुळे ही कटकट वाचते. तोटाही आहे, तो लपवत नाही. रंग थोडा गडद येतो. आणि धान्य ४५ अंशांच्या आसपास काही वेळ ठेवून लवंगेच्या स्वादाचा कच्चा माल वाढवता येतो, ती सोय एक्स्ट्रॅक्टमध्ये राहत नाही.

अमेरिकेत या काकवीला एक गमतीदार इतिहास आहे. १९२० ते १९३३ या काळात तिथे दारूबंदी होती. बिअरच्या कंपन्यांना जगायचं होतं, म्हणून सेंट लुईसच्या ॲनहॉयझर-बुशसारख्या कंपनीने माल्टचं सिरप डब्यात भरून विकायला सुरुवात केली. नाव पाव-बिस्किटांसाठीचं, त्या डब्यांचं घरोघरी काय होत असे हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. दारूबंदी उठली तरी घरी बिअर करण्याला मात्र परवानगी मिळाली नाही. ती मिळायला १९७८ चा कायदा यावा लागला. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून प्रत्येक प्रौढाला स्वतःच्या वापरासाठी वर्षाला १०० गॅलन, आणि घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलनपर्यंत बिअर करमुक्त करता येऊ लागली. विकायची मात्र नाही.

१९९७ च्या उन्हाळ्यात ओपांच्या तळघरात मी पहिली बिअर केली. म्हणजे त्यांनी केली आणि मी पातेलं धरलं. एकूण १९ लिटर करायची होती. मोठ्या पातेल्यात अकरा लिटर पाणी उकळायला ठेवलं. उकळी आल्यावर ओपांनी गॅस बंद केला, मगच एक्स्ट्रॅक्ट ओतला. चालू गॅसवर ओतला तर तो तळाशी बसून करपतो. एकूण तीन किलो. त्यातला अर्धा सुरुवातीला आणि अर्धा शेवटच्या पंधरा मिनिटांत, म्हणजे रंग फिका राहतो. पुन्हा उकळी येताना दुधासारखा फेस उफाळून वर येतो, तेव्हा पातेल्यासमोरून हलायचं नाही. मग २८ ग्रॅम हॉप. हॉप म्हणजे एका वेलीची हिरवी, खवलेदार फुलं. ओपा बव्हेरियातल्या हालरटाऊ भागातले वापरत. त्यांचा कडवटपणा पाण्यात उतरायला तासभर उकळावं लागतं. गव्हाच्या बिअरला कडवटपणा अगदी बेताचा हवा, नाहीतर बाकीचा स्वाद झाकला जातो.

उकळणं संपलं की पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवायचं आणि आधीच उकळून गार केलेलं पाणी घालून १९ लिटर भरायचं. इथून पुढे खरी जबाबदारी सुरू होते. उकळतं वर्ट जंतुरहित असतं. गार झालेलं वर्ट म्हणजे वाटेल त्या जंतूला मेजवानी. त्यामुळे त्याला लागणारी प्रत्येक वस्तू, बादली, झाकण, नळी, चमचा, आधी निर्जंतुक केलेली हवी. विस्कॉन्सिन हे दूधदुभत्याचं राज्य. गोठ्यातली आणि डेअरीतली भांडी धुवायला आयोडीनचं जे पातळ द्रावण वापरतात, तेच ओपा वापरत. नुसतं स्वच्छ आणि निर्जंतुक यांत फरक आहे, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

आणि मग यीस्ट. ते जाड पिशवीत द्रवरूपात मिळायचं. पिशवीवर थापटी मारून आतली छोटी पुडी फोडायची, की एक-दोन दिवसांत पिशवी पुरीसारखी टम्म फुगते. ते वाण मूळ म्युनिकजवळच्या वाइहेनश्टेफानचं होतं, जिथली ब्रुअरी आपली सुरुवात १०४० सालापासून मोजते. ओपांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुझं केळं या पिशवीत आहे."

ते शब्दशः खरं होतं. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं, हे शाळेत शिकलेलो असतो. पण ते करताना ते इतरही पुष्कळ रसायनं अगदी अल्प प्रमाणात सोडतं. त्यातलं एक आयसोअमाइल ॲसिटेट. पिकलेल्या केळ्याला जो वास येतो त्यातलं मुख्य द्रव्य हेच. गव्हाच्या बिअरचं यीस्ट ते सढळ हाताने तयार करतं. लवंगेचं प्रकरण जरा वेगळं. धान्याच्या पेशींच्या भिंतींत फेरुलिक आम्ल असतं. हे यीस्ट त्यातला एक तुकडा तोडून ४-व्हिनाइल ग्वायकॉल नावाचं द्रव्य करतं. आपल्या लवंगेतलं युजेनॉल हे त्याचंच जवळचं भावंड. बहुतेक बिअरच्या यीस्टना हे करता येत नाही. २०१६ साली 'सेल' या शास्त्रीय नियतकालिकात १५७ यीस्ट वाणांच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसाने शतकानुशतकं पाळलेल्या बिअरच्या यीस्टमध्ये हे लवंगेचं जनुक बहुतांशी मोडलेलं आढळलं, कारण इतर बिअरमध्ये तो वास दोष मानला जातो. गव्हाच्या बिअरच्या यीस्टमध्ये मात्र ते शाबूत. जर्मन ब्रुअरांना तो वास आवडत होता, म्हणून तो टिकला.

केळं आणि लवंग यांचा तोल पुष्कळसा तापमानावर असतो. १७-१८ अंशांवर दोन्ही बरोबरीने राहतात. २२-२३ च्या वर गेलं की केळं अंगावर येतं आणि कधी कधी नेलपॉलिशसारखा वासही. विस्कॉन्सिनमधलं तळघर उन्हाळ्यातही थंड असतं, म्हणून ओपांना काही करावं लागत नसे. फक्त एक काळजी. या यीस्टला फेस फार. बादली वरपर्यंत भरलीत आणि झाकणाला वायू जाण्यासाठी बारीक नळी लावलीत, तर ती नळी फेसाने तुंबते आणि मध्यरात्री झाकण छताला लागतं. ओपांच्या तळघराच्या छतावर तसे दोन पिवळे डाग होते. म्हणून बादली मोठी घ्यायची आणि जाड नळीचं टोक पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवायचं.

ती पहिली बिअर उत्तम झाली आणि मला वाटलं, आता येतं आपल्याला.

ऑक्टोबरमध्ये मी एकट्याने, आमच्या तळघरात, दुसरी केली. त्याच सुमारास आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगायचं धाडस नव्हतं असं म्हणा. बादलीवर जुनी चादर टाकून ठेवली होती. पहिले तीन दिवस बुडबुडे जोरात येत होते. मग अचानक थंडीची लाट आली, तळघर बारा अंशांपर्यंत उतरलं आणि सहाव्या दिवशी बुडबुडे थांबले. मी समजलो, काम संपलं.

हायड्रोमीटर लावून पाहिला होता, हे कबूल करतो. हायड्रोमीटर म्हणजे दुधाच्या लॅक्टोमीटरचा सख्खा भाऊ. शुद्ध पाण्यात तो १.००० दाखवतो. साखर जितकी जास्त तितका तो वर तरंगतो. आमचं वर्ट सुरुवातीला १.०४८ होतं. ते १.०१२ च्या आसपास यायला हवं होतं. माझं १.०२० वर थांबलं होतं. मी मनाशी म्हटलं, एक्स्ट्रॅक्टचा डबा वेगळा होता, असेल थोडा फरक. इंजिनिअर माणूस, कारखान्यात शतांश मिलिमीटरवरून कामगारांशी वाद घालणारा, आणि इथे आठ अंक सोडून दिले!

बाटलीत भरताना थोडी साखर मुद्दाम घालतात. उरलेलं यीस्ट ती खातं आणि बंद बाटलीत वायू तयार होतो, फेस त्याचाच. १९ लिटरला मी १४० ग्रॅम साखर घातली, तेवढी बरोबर होती. पन्नास बाटल्यांना पत्र्याची बुचं ठोकली आणि त्या ऊबदार ठिकाणी ठेवायच्या म्हणून वरच्या बोळातल्या कपाटात ठेवल्या. त्याच कपाटात थंडीचे कोट आणि मुलीचे बर्फातले बूट होते. भिंतीच्या पलीकडे आईची खोली.

नवव्या रात्री पावणेतीनला पहिली बाटली फुटली. मला वाटलं कोणी खिडकी फोडली. मी बोळात पोचेपर्यंत दुसरी, लगेच तिसरी. कपाटाच्या दाराखालून फेस वाहत होता आणि सगळ्या घरात केळ्याचा वास. आई दारात उभी. तिने विचारलं, "काय रे हे?" उत्तर द्यायच्या आत चौथी फुटली.

पहाटे साडेतीनला मी ओपांना उठवलं. त्यांनी आधी बजावलं ते हे की बाटलीला उघडा हात लावायचा नाही. गरम घरातली, वायूने ठासून भरलेली बाटली नुसत्या धक्क्यानेही फुटू शकते. मी कारखान्यातून आणलेला वेल्डिंगचा मुखवटा, जाड हातमोजे आणि दोन कोट चढवले. खोक्यांवर टाकायला काहीतरी जाड हवं होतं. आईने न बोलता आपली साताऱ्याहून आणलेली गोधडी ओली करून दिली. ती टाकून एकेक खोकं अंगणात नेलं. बाहेर गोठणबिंदूच्या आसपास थंडी होती. द्रव गार झाला की वायू त्यात जास्त विरघळतो आणि बाटलीतला दाब उतरतो. सकाळपर्यंत थांबून, मग टॉवेल गुंडाळून एकेक बूच किलकिलं केलं. नेताना आणखी दोन फुटल्या. गोधडीला भोकं पडली. माणसाला काही झालं नाही. दुपारी बायको कपाट साफ करत होती, तेव्हा मुलीच्या डाव्या बुटात बोटभर लांबीचा काचेचा तुकडा निघाला. तो तिने माझ्या जेवणाच्या ताटाशेजारी आणून ठेवला. बोलली काही नाही.

नेमकं काय झालं होतं? थंडीने यीस्ट मेलं नव्हतं, झोपलं होतं. ऊबदार कपाटात ते जागं झालं आणि उरलेली साखर खायला लागलं. हिशेब असा आहे. हायड्रोमीटरचा आकडा शेवटच्या घरात एकाने उतरला, म्हणजे १.०१३ चा १.०१२ झाला, की बिअरच्या आकारमानाच्या साधारण निम्मा वायू तयार होतो. माझे असे आठ अंक बाकी होते, म्हणजे चारपट वायू. त्यात घातलेल्या साखरेचा दोनपट आणि बिअरमध्ये आधीच मुरलेला जवळजवळ एकपट. एकूण सातपट. साध्या बिअरमध्ये हा आकडा अडीचच्या आसपास असतो. गव्हाच्या बिअरला तीन किंवा त्याहून जास्त लागतो, आणि म्हणूनच जर्मन लोक तिला जाड काचेच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या वापरतात. माझ्या बाटल्या दुकानातल्या बिअरच्या, एकदा वापरून टाकायच्या पातळ काचेच्या. त्या फुटल्या यात नवल नाही. नऊ दिवस टिकल्या याचंच नवल.

बुडबुडे थांबणं हा पुरावा नव्हे. आकडा अपेक्षेइतका उतरलेला हवा, आणि तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजल्यावर तोच यायला हवा. नाही उतरला तर बादली ऊबेला आणायची, हलकेच हलवायची आणि वाट पाहायची. जंतुसंसर्गानेही बाटल्या फुटतात, कारण इतर जंतू यीस्टला न पचणारी साखरही खातात. घाई आणि अस्वच्छता, दोन्हींचा शेवट कपाटात सारखाच होतो.

आईला मी त्या दिवशी सगळं सांगितलं. रागावेल असं वाटलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लोणचं मुरलं की नाही हे बरणीकडे बघून कळतं होय? चाखून बघावं लागतं." मग म्हणाली, "तो डबा दाखव बघू." एक्स्ट्रॅक्टच्या डब्यात तळाशी थोडं उरलं होतं. तिने बोटाने चाखलं. "हे तर सत्त्व आहे. मोड आणलेल्याचं." मी तिला काहीही समजावलं नव्हतं.

तिसरी बिअर जानेवारीत केली. बायकोच्या अटीवर: तळघरातच राहील, जाड बाटल्यांतच भरली जाईल आणि दोन महिने बाटल्या झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पेटीत ठेवल्या जातील. भांडी निर्जंतुक करायचं काम आईने स्वतःहून घेतलं. सबंध आयुष्य लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू न देणाऱ्या बाईला ते काय शिकवायचं? मी धुतलेला चमचा पुसायला फडकं उचललं तर तिने ते हातातून काढून घेतलं. फडकं उकळलेलं नव्हतं. ती स्वतः थेंबही पिणार नव्हती, पण बरणी बिघडलेली तिला खपत नसे, मग त्यात काहीही असो. बादलीला जुना लोकरी शर्ट गुंडाळून १८ अंश राखले. आकडा दहाव्या दिवशी १.०१२ आला. तेराव्या दिवशीही तोच. मग भरली.

तीन आठवड्यांनी ओपांना बोलावलं. ही बिअर ओतण्याची एक रीत आहे. पेला आधी थंड पाण्याने ओला करायचा, तिरका धरून सावकाश ओतायचं, तळाशी दोन बोटं राखायची, ती बाटली गोल फिरवून तळाचं यीस्ट ढवळायचं आणि मग ते वरून ओतायचं. ओपांनी एक घोट घेतला आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हणाले, जे ते आपल्या मुलांना चांगलं म्हणताना म्हणत असत. आईने पेला हातात घेऊन फक्त वास घेतला. "शिकरण," एवढं म्हणून परत दिला.

हे सगळं ऐकून इथे लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात. घरगुती दारू विषारी नसते का? प्रश्न बरोबर आहे. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरहून अधिक माणसं दारूने दगावली, ते आपण विसरलेलो नाही. पण ते आंबवण्यामुळे झालं नव्हतं. त्या दारूत मिथेनॉल हे औद्योगिक रसायन मिसळलेलं होतं. धान्याची बिअर आंबताना मिथेनॉल जवळपास तयारच होत नाही, आणि बिअर ऊर्ध्वपातन करून कडक केलेली नसते. बिअर बिघडली तर आंबट होते, ओतून द्यावी लागते. तिच्यातला खरा धोका मी सांगितला तो, काचेचा. आणि अर्थात ती दारूच आहे, पाच टक्के अल्कोहोलची. प्रमाण सोडलं तर घरची म्हणून ती शरीराला माफ करत नाही.

दुसरा प्रश्न, इथे करता का? नाही. आपल्याकडे १९४९ च्या मद्यनिषेध कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा आहे, घरच्यासाठी केली तरी. म्हणून कृती ऐकून कोणी पातेलं चढवू नये. पुण्यात २००९ पासून परवाना घेऊन ताजी बिअर करणारी छोटी ठिकाणं सुरू झाली आणि गव्हाची बिअरही तिथे मिळते. कधी गेलात तर पहिला घोट घेण्याआधी वास घ्या. केळं आणि लवंग ओळखता येतात का पाहा. केळंच केळं असेल तर टाकी गरम झाली होती असं समजायला हरकत नाही.

२००७ साली परत येताना बादल्या, नळ्या, बुचं ठोकायचं यंत्र, सगळं ओपांच्या नातवाला दिलं. हायड्रोमीटर तेवढा लोकरी मोज्यात गुंडाळून आणला. तो न फुटता पोचला आणि अजून स्वयंपाकघराच्या कपाटात आहे. मध्यंतरी सहज दुधात बुडवून पाहिला. चांगलं दूध १.०२८ च्या वर असायला हवं. आमचं १.०२२ निघालं. तीन दिवसांनी पुन्हा मोजलं, तोच आकडा. मग दूधवाला बदलला.